बेसिक : एका सोप्या भाषेची हकीगत

संगणकाचा इतिहास सांगावयास बसलेला माणूस बहुधा यंत्रांचा इतिहास सांगतो. कोणते यंत्र कोठे झाले, ते किती खोल्या व्यापीत होते, पुढे ते लहान होत होत खिशात कसे मावू लागले, ही हकीगत आपण अनेकदा ऐकली आहे. आज मी यंत्राविषयी जरुरीपुरतेच बोलणार आहे. माझा विषय आहे यंत्राला काम सांगण्याची एक भाषा. ती १९६४ साली निर्माण झाली. तिचे नाव बेसिक. या सभेत पन्नाशीच्या आसपासचे जे गृहस्थ आहेत, आणि ज्यांनी यवतमाळला, नांदेडला किंवा नागपूरला शिक्षण घेतले, त्यांच्यापैकी काहींना हे नाव ऐकताच वहीचे एखादे जुने पान आठवेल. तरुणांना ते नाव परके वाटेल.

फुलसावंगीच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असे कोणी मला विचारील. येथे कापूस आणि सोयाबीनच्या भावावर बोलणारा वक्ता अधिक उपयोगाचा, हे मलाही मान्य आहे. परंतु बेसिक ही भाषा तज्ज्ञांसाठी निर्माण झालेली नव्हती. जे तज्ज्ञ नाहीत आणि होऊही इच्छीत नाहीत, त्यांच्यासाठी ती मुद्दाम घडविण्यात आली. तेव्हा तिची हकीगत सांगावयाची तर ती अशाच सभेत सांगितली पाहिजे.

प्रथम, १९६० च्या सुमारास संगणकाकडून काम कसे करून घेत असत ते पाहू. आपले गणित कागदावर मांडावयाचे, ते पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके पाडून उतरवावयाचे, पत्त्यांची ती चळत संगणकाच्या खोलीबाहेरच्या खिडकीत द्यावयाची आणि घरी जावयाचे. आत यंत्र होते, पण त्याला हात लावण्याचा अधिकार आतल्या माणसांचा. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळे. पुष्कळदा उत्तराऐवजी एवढेच समजे की तिसऱ्या पत्त्यावर एक स्वल्पविराम राहिला आहे. तो घालून पुन्हा रांगेत उभे राहावयाचे. तहसील कचेरीत ज्यांनी अर्ज दिले आहेत त्यांना ही पद्धत अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. फोरट्रान ही भाषा १९५७ सालीच आली होती आणि ती शास्त्रज्ञांना उत्तम मानवली होती. पण शास्त्रज्ञाला रांगेत उभे राहणे परवडते, कारण त्याचे सारे आयुष्य त्या एका गणितावर अवलंबून असते. सामान्य विद्यार्थी एकदा परत पाठविला की पुन्हा येत नाही.

अमेरिकेच्या ईशान्येस न्यू हॅम्पशायर नावाचे लहानसे संस्थान आहे. त्यात हॅनोव्हर हे गाव आणि त्या गावात डार्टमथ हे १७६९ साली स्थापन झालेले कॉलेज. येथे गणिताचे दोन प्राध्यापक होते. जॉन केमेनी हे जन्माने हंगेरियन. १९२६ साली बुडापेस्टला जन्मले, नाझींच्या भयाने १९४० साली कुटुंबासह अमेरिकेत आले. पुढे लॉस अलामोसच्या अणुबाँब प्रकल्पात त्यांनी आकडेमोड केली आणि प्रिन्स्टनला काही काळ आइन्स्टाइन यांचे गणितातील साहाय्यक म्हणून काम केले. दुसरे टॉमस कर्ट्झ, १९२८ साली जन्मलेले, संख्याशास्त्रज्ञ. डार्टमथला आरंभी स्वतःचा संगणकच नव्हता. कर्ट्झ पत्त्यांची पेटी घेऊन आगगाडीने बॉस्टनला जात, तेथील एम.आय.टी. या संस्थेच्या संगणकावर गणिते करवून घेत आणि परत येत. खिडकीबाहेर उभे राहण्याचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता.

या दोघांनी एक साधा हिशेब मांडला. कॉलेजचे तीन चतुर्थांश विद्यार्थी शास्त्र शाखेचे नव्हते. ते इतिहास शिकत, वाङ्मय शिकत, अर्थशास्त्र शिकत. पुढे हेच लोक कारखाने, बँका आणि सरकारी खाती चालविणार होते. संगणक कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये याचे निर्णय तेच घेणार होते. ज्याने संगणकाला कधी एक आज्ञाही दिलेली नाही त्याने असे निर्णय कसे घ्यावेत? संगणकाविषयी नुसती व्याख्याने देऊन भागणार नाही, प्रत्येकाने स्वतः आज्ञावली लिहून पाहिली पाहिजे, असे त्यांचे मत झाले. मला या साऱ्या हकीगतीत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. सोपी भाषा पुढे आली. त्याआधी, ती कोणासाठी हवी, हा निर्णय झाला होता.

पण नुसती भाषा सोपी करून काय उपयोग? खिडकी आणि रांग तशीच राहिली असती. म्हणून त्यांनी आधी रांग मोडावयाचे ठरविले. एकाच संगणकाला अनेक टंकयंत्रे तारेने जोडावयाची, आणि संगणकाने प्रत्येकाकडे क्षणभर लक्ष देत फिरत राहावयाचे, ही कल्पना एम.आय.टी.चे जॉन मॅकार्थी यांनी कर्ट्झ यांना सुचविली होती. आठवडी बाजारातला वाणी एकाला साखर मोजून देतो, तो पिशवी उघडेपर्यंत दुसऱ्याचे पैसे घेतो, तिसऱ्याला डाळीचा भाव सांगतो. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटते की वाणी आपल्याशीच बोलतो आहे. तसेच हे. याला कालविभाजन म्हणतात. मोठ्या कंपन्यांचे तज्ज्ञ ते अवघड मानीत होते. डार्टमथने ते काम पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या हाती दिले. मायकेल बुश आणि जॉन मॅकगीची हे दोन विद्यार्थी त्यांत प्रमुख होते. भाषेचा अनुवाद करणारी आज्ञावली स्वतः केमेनी लिहीत होते.

१ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता दोन टंकयंत्रांवरून दोन आज्ञावल्या एकाच वेळी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या २२५ या संगणकाला देण्यात आल्या आणि दोन्हींची उत्तरे बरोबर आली. तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड वाजला होता आणि महाराष्ट्र राज्याचा चौथा वाढदिवस चालू होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तारीख लक्षात राहावी म्हणून सांगितले.

आता भाषा कशी होती ते प्रत्यक्षच पाहू. समजा, आपल्याकडे बारा क्विंटल कापूस आहे आणि भाव क्विंटलला सात हजार रुपये धरला. मूळ बेसिकमध्ये शब्द इंग्रजी आणि अक्षरे रोमन. मी ती येथे नागरीत मांडतो.

१० लेट क = १२
२० लेट द = ७०००
३० प्रिंट क * द
४० एंड

पहिली ओळ सांगते : क म्हणजे बारा समज. दुसरी : द म्हणजे सात हजार समज. तिसरी : दोहोंचा गुणाकार छापून दे, चांदणी हे गुणाकाराचे चिन्ह. चौथी : संपले. यानंतर 'रन' एवढा शब्द टंकित केला की काही सेकंदांत कागदावर ८४००० उमटे. उद्या भाव बदलला तर सारे पुन्हा लिहावयाचे नाही. २० हा आकडा घालून नवी ओळ टंकित केली की जुनी वीस नंबरची ओळ आपोआप जाते. हमाली वजा करावयाची राहिली असेल तर पंचवीस नंबरची ओळ लिहावी; यंत्र ती वीस आणि तीसच्या मध्ये नेऊन बसविते. दहा-दहाच्या अंतराने आकडे घालण्याचे कारण हेच. जुने मुनीम खातेवहीत दोन नोंदींच्या मध्ये जागा सोडीत, त्यातलाच हा शहाणपणा.

आरंभीच्या बेसिकमध्ये अशा जेमतेम पंधरा आज्ञा होत्या. 'इफ' आणि 'देन', म्हणजे अमुक असेल तर तमुक कर. 'गो टू', म्हणजे अमुक ओळीकडे जा. 'फॉर' आणि 'नेक्स्ट', म्हणजे हे काम इतक्या वेळा कर. फोरट्रानमध्ये हीच पुनरावृत्ती सांगताना कोणता आकडा आधी आणि कोणता नंतर हे पाठ करावे लागे. बेसिकमध्ये एकपासून दहापर्यंत असे सरळ वाक्यच लिहिता येई. यंत्राशी संभाषण सुरू करताना 'हॅलो' म्हणावयाचे आणि उठताना 'गुडबाय'. डार्टमथच्या गणिताच्या वर्गात या भाषेवर एक-दोन व्याख्याने देत आणि मग विद्यार्थ्याला टंकयंत्रापुढे बसवीत. तेवढे पुरे होत असे.

या शब्दांकडे आपण मराठी माणसाच्या नजरेनेही पाहिले पाहिजे. ही भाषा सोपी खरी, पण इंग्रजाला सोपी. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्याआधी मराठी शाळेतला मुलगा पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरवीत असे. त्याला 'लेट' हा शब्द आज्ञार्थी का, हे कोण सांगणार? तरीसुद्धा मी म्हणेन की इंग्रजी ही येथे फार मोठी अडचण नव्हती. पंधरा शब्द कोणीही पाठ करतो. आमच्या खेड्यातली माणसे मोटारपंपाचे आणि ट्रॅक्टरचे याहून अधिक इंग्रजी शब्द रोज बिनचूक वापरतात, आणि त्यांचा अर्थ शब्दकोशात पाहावयास जात नाहीत. यंत्र हाताशी असले म्हणजे त्याचे शब्द आपोआप येतात. यंत्र हाताशी असावे लागते. अडचण होती ती येथेच.

डार्टमथने ही गोष्ट ओळखली होती. केमेनी यांचा दृष्टांत ग्रंथालयाचा असे. ग्रंथालयात विद्यार्थी कपाटापाशी जातो, हवे ते पुस्तक काढतो. त्याला कोणी विचारीत नाही की हे पुस्तक तू का वाचतोस. संगणकही तसाच खुला आणि विनामूल्य असला पाहिजे. मग विद्यार्थी त्यावर गणिते करीत, खेळ लिहीत, वेळही घालवीत. प्राध्यापकांनी त्याला हरकत घेतली नाही. आसपासच्या माध्यमिक शाळांनाही टेलिफोनच्या तारेने हे यंत्र जोडून दिले. आणि भाषेवर हक्क सांगून पैसे मिळविण्याचा विचार दोघांनी केला नाही. ज्याला हवी त्याने ती घ्यावी, आपल्या यंत्रासाठी नव्याने घडवावी. इतर कंपन्यांनी ती घेतली. दहा वर्षांत तिच्या इतक्या बोली झाल्या की एकीत लिहिलेली आज्ञावली दुसरीत चालेना. बारा कोसांवर भाषा बदलते हे आपण म्हणतोच.

बेसिकचे दुसरे आयुष्य १९७५ साली सुरू झाले. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० या यंत्राचे चित्र आले. चारशे डॉलरांच्या आत मिळणारे, सुटे भाग जोडून घरी तयार करावयाचे हे यंत्र. त्याला टंकफलक नव्हता, पडदा नव्हता. समोर बटणांची आणि दिव्यांची रांग. हौशी लोकांनी ते घेतले आणि त्यांना कळेना की याचे करावे काय. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन या दोन तरुणांनी त्याच्यासाठी बेसिक लिहिण्याचे ठरविले. यंत्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. हार्वर्ड विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर आल्टेअरची नक्कल करून, मॉन्टी डेव्हिडॉफ या विद्यार्थ्याच्या मदतीने त्यांनी ते काम पुरे केले, आणि अ‍ॅलन विमानाने आल्बुकर्कीला जाऊन ते दाखवून आले. दोन आणि दोन छाप म्हटल्यावर यंत्राने चार छापले. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा पाया या चारावर उभा आहे.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९७६ मध्ये, गेट्स यांनी हौशी लोकांना उघडे पत्र लिहून तक्रार केली की तुम्ही आमचे बेसिक पैसे न देता वापरता. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या काही मंडळींनी 'टायनी बेसिक', म्हणजे चिमुकले बेसिक, लिहून ते छापून वाटून टाकले. एकाच भाषेतून दोन वाटा फुटल्या, एक विकण्याची आणि एक वाटण्याची. डार्टमथच्या दोन प्राध्यापकांनी दुसरी वाट आधीच दाखविली होती. पैसा मात्र पहिलीत होता. मी यात कोणाला दोष देत नाही.

१९७७ साली अ‍ॅपल दोन आणि आणखी दोन-तीन कंपन्यांची तयार यंत्रे बाजारात आली. त्या प्रत्येकात बेसिक यंत्राच्या पोटातच बसविलेले होते. कळ दाबली की पडद्यावर एक खूण लुकलुकते आणि यंत्र वाट पाहते. काय करावयाचे ते तुम्ही सांगावयाचे. दुकानातून आणलेला खेळ नसेल तर यंत्र दुसरे काहीच करीत नसे; म्हणून दहा-बारा वर्षांची मुले मासिकांत छापलेल्या आज्ञावल्या ओळीओळीने टंकित करीत बसत, चूक झाली की शोधीत, आणि मग त्यांना वाटे की यातला आकडा बदलून पाहू. डेव्हिड आल यांनी संपादिलेले बेसिकमधल्या खेळांचे पुस्तक याच काळात दहा लाखांवर खपले. पुढे इंग्लंडमध्ये १९८१ साली बी.बी.सी.ने शिक्षणासाठी पुरस्कारलेले यंत्र आले, १९८२ साली सिंक्लेअरचे स्वस्त स्पेक्ट्रम आले. बेसिकविषयी आजही पन्नाशी-साठीची माणसे जे हळवे होऊन बोलतात, त्याचे मूळ या काळात आहे. त्यांना भाषेचे व्याकरण आठवत नसते. यंत्र आपली वाट पाहत होते हे आठवते.

बेसिकला शत्रूही पुष्कळ. त्यांत सर्वांत मोठे नाव हॉलंडच्या एट्सखर डायक्स्ट्रा यांचे. 'गो टू' या आज्ञेवर त्यांनी १९६८ सालीच हल्ला चढविला होता. १९७५ साली त्यांनी लिहिले की ज्याने आधी बेसिक शिकले त्याला चांगली आज्ञावली लिहावयास शिकविणे जवळजवळ अशक्य, त्याची बुद्धी कायमची पंगू होते. हा अभिप्राय कठोर आहे, पण निराधार नाही. वाटेल त्या ओळीवरून वाटेल तेथे उडी मारता आली की शे-दीडशे ओळींची आज्ञावली पुढे लिहिणाऱ्यालाही उलगडत नाही. स्वतः केमेनी आणि कर्ट्झ यांनाही घरगुती यंत्रांतल्या बेसिकची अवस्था पाहून वाईट वाटले, आणि त्यांनी १९८५ साली 'ट्रू बेसिक', म्हणजे खरे बेसिक, बाजारात आणले. ते फारसे चालले नाही. तरीही डायक्स्ट्रा यांचा निकाल मला पुरता पटत नाही. ते उत्तम सुतार कसा घडवावा याचा विचार करीत होते; डार्टमथला घरोघरी एक हातोडी हवी होती. खिळा ठोकता आला म्हणून कोणी सुतार होत नाही, आणि त्याने सुतारकीची हानीही होत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. आय.बी.एम. कंपनी १९७८ साली भारत सोडून गेली. त्यानंतरही संगणक ही मोठ्या संस्थांची वस्तू राहिली. १९८४ सालच्या नव्या संगणक धोरणाने वारे बदलले, आणि त्याच शैक्षणिक वर्षात केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढली : शाळांतून संगणक साक्षरता. अडीचशेच्या आसपास उच्च माध्यमिक शाळा निवडल्या आणि त्यांना बी.बी.सी.ची यंत्रे दिली. यंत्र तेच, भाषा तीच, जी इंग्लंडमधली मुले वापरीत होती. परंतु ज्या देशात शाळा लाखांनी मोजावयाच्या, तेथे अडीचशे म्हणजे किती? खेड्यापर्यंत ती योजना पोचणे शक्यच नव्हते. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ पासून स्पेक्ट्रम यंत्रे परवान्याने भारतात विकली. ती काही हजार खपली. मध्यम स्थितीतल्या शिक्षकाच्या घरात येण्यासारखी त्यांची किंमत नव्हती.

मग बेसिक आपल्याकडे आले ते शिकवणीच्या वर्गांतून. नव्वदीच्या आगेमागे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी टंकलेखनाच्या वर्गांच्या पाटीखाली 'कॉम्प्युटर' अशी दुसरी पाटी लागू लागली. डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस आणि बेसिक असा तो अभ्यासक्रम. यंत्रे दोन किंवा तीन, विद्यार्थी तीस. चपला बाहेर काढून आत जावयाचे. आठवड्यात वाट्याला तास-दीड तास येई, आणि त्यातही वीज गेली तर जपून न ठेवलेले सारे पुसले जाई. तेव्हा बेसिक शिकविण्याची जागा फळा झाली. मास्तर फळ्यावर आज्ञावली लिहीत, मुले ती वहीत उतरवून घेत, शेजारी प्रवाहचित्र काढीत, यंत्राने काय केले असते ते मनाशी चालवून पाहत, आणि परीक्षेत 'पहिल्या दहा संख्यांची बेरीज करणारी आज्ञावली लिहा' या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहीत. यंत्राने ते उत्तर कधी पाहिलेच नाही.

मित्रहो, थोडे थांबून याचा विचार करा. ज्या भाषेचा सारा प्राण तत्काळ मिळणाऱ्या उत्तरात होता, जी रांग मोडण्यासाठीच जन्मली, ती आपण रांगेत उभे राहून शिकलो. भाषा आणली, ज्या सोयीपायी ती भाषा झाली, ती सोय आणली नाही. दोष मास्तरांचा नव्हता. तीन यंत्रे आणि तीस मुले या हिशेबातून दुसरे काही निघतच नाही. उलट यंत्राशिवाय यंत्राचा विचार करावयास शिकविणारे ते मास्तर मला मोठे वाटतात. ज्यांनी त्या वह्या भरल्या त्यांतले कित्येक पुढे पुण्याला आणि परदेशी नामांकित कामे करीत आहेत. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक देशभर गाजले, त्याचे एक कारण मला असे दिसते की समोर यंत्र नसलेल्या वाचकालाही ते समजते. तोपर्यंत बेसिक मागे पडून सी या भाषेचे दिवस आले होते. पण फळ्यावरच्या बेसिकने गळालेले विद्यार्थी किती, याची नोंद कोणी ठेवली नाही.

पुढे यंत्रे स्वस्त झाली. पण ती मिळाली तेव्हा त्यांचा स्वभाव बदलला होता. कळ दाबली की आता चित्रे दिसतात. त्यांतले एक निवडावयाचे. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम गावोगाव गेला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागते, म्हणून आपल्या मुलामुलींनी तो लाखांच्या संख्येने पुरा केला. संगणकाची भीती त्याने घालविली, हे उपकार थोडे नाहीत. पण त्याचा भर तयार आज्ञावल्या वापरण्यावर. आज्ञावली लिहिण्यावर नव्हे. आणि आता हातोहाती असलेला फोन पाहा. डार्टमथच्या त्या यंत्राच्या लक्षावधीपट काम तो करू शकतो, पण उघडल्यावर तो आपली वाट पाहत नाही. त्याच्यापाशी आपल्याला दाखवावयाचे आधीच पुष्कळ असते.

इंग्लंडमध्ये हीच उणीव केंब्रिजच्या काही मंडळींना जाणवली. संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांना पूर्वीसारखे स्वतः काही करून पाहिल्याचा अनुभव नसतो, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी २०१२ साली रास्पबेरी पाय नावाचे पत्त्याच्या आकाराचे स्वस्त यंत्र काढले, आणि त्याच्या नमुन्यांना 'ए' आणि 'बी' ही नावे जुन्या बी.बी.सी. यंत्रावरून दिली. आज शाळांतून शिकविली जाणारी पायथॉन भाषा हीही दूरच्या नात्याने याच घरची; तिचे कर्ते गिडो व्हान रॉसम आधी हॉलंडमध्ये एबीसी नावाच्या भाषेवर काम करीत होते, आणि एबीसीची योजना झाली होती ती नवशिक्यांच्या हातातले बेसिक काढून त्या जागी काही बरे द्यावे म्हणून.

केमेनी पुढे डार्टमथचे अध्यक्ष झाले, त्यांच्या कारकीर्दीत १९७२ साली त्या कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला, आणि ते १९९२ साली वारले. कर्ट्झ यांना दीर्घ आयुष्य लाभले. ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. मायक्रोसॉफ्टने आपल्या जुन्या बेसिकपैकी एकाची मूळ आज्ञावली २०२० साली आणि दुसरीची २०२५ साली सर्वांना खुली करून दिली.

आणि बेसिक स्वतः कोठे आहे? ते आपल्याच गावाजवळ आहे. पतसंस्थेत, बँकेत, शाळेच्या कार्यालयात ज्या एक्सेलवर पगारपत्रके आणि हजेरीचे तक्ते भरतात, त्याच्या पोटात १९९३ पासून बेसिकचीच एक शाखा ठेवलेली आहे. 'फॉर' आणि 'नेक्स्ट', 'इफ' आणि 'देन' हे शब्द तेथे अजून तसेच चालतात. रोज तोच तक्ता हाताने भरणाऱ्या कारकुनाचे अर्धे काम ते करू शकते. त्या संगणकावर ऑल्ट ही कळ दाबून धरून एफ अकरा दाबले, की लिहिण्यासाठी जागा उघडते.